पिशवीत मावेल असं मशीन

नवऱ्याने माझा कॉम्प्युटर दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून खाली फेकला, कारण मी फोनवर हसले. नाशिकच्या अंबडमधल्या एका वर्कशॉपचे मालक, माझ्या वडिलांच्या वयाचे, त्यांच्या साच्याचं ड्रॉइंग पहिल्या झटक्यात पास झालं म्हणून सांगत होते. रविवारची दुपार होती, नवरा जेवून आडवा झाला होता. तो उठला, वायरींसकट टॉवर उचलला आणि चालत गॅलरीत गेला. वायरींना बांधलेला मॉनिटर मागोमाग ओढला गेला आणि टेबलाच्या कडेवर आपटून फुटला. मग खालून आवाज आला.

मार त्यानंतर खाल्ला. त्याचं काय वर्णन करायचं. हात तोच, गाल तोच. पण तो पत्र्याचा आवाज, आणि पत्र्याच्या आत काहीतरी सुटल्याचा आवाज, माझ्या कानातून गेलेला नाही. मी सुजलेल्या गालासकट पार्किंगमध्ये गेले आणि सगळ्यांच्या देखत तुकडे घमेल्यात भरले. कुणी गॅलरीतून बघत होतं, कुणी दार लोटून घेत होतं. विचारलं एकानेही नाही. त्यांच्या खिडक्यांच्या काचांवर एकेक तुकडा भिरकवावा असं मला मनापासून वाटत होतं.

वर आणून तुकडे पाहिले. बोर्ड मधोमध चिरला होता. प्रोसेसरवरचा जड कूलर उपटून निघाला होता, आणि त्याच्या बुडाला चिकटून प्रोसेसरही जागचा उखडला होता. त्या जुन्या पिढीत पिना प्रोसेसरच्या पोटाला असायच्या, केसासारख्या बारीक. त्या सगळ्या एका बाजूला आडव्या झाल्या होत्या. मी सुई घेऊन त्या सरळ करत बसले. एक सरळ केली की शेजारची तुटायची. शेवटी मी सुई भिंतीत खुपसली आणि तीही वाकली.

माझं काम प्लास्टिकच्या वस्तूंचे साचे कॉम्प्युटरवर तयार करण्याचं. बादलीचा कान, मिक्सरचं झाकण, बाटलीचं बूच, जे येईल ते. नवरा अंबडलाच एका कारखान्यात साचे घडवणाऱ्या टूलरूमचा सुपरवायझर, त्यामुळे पहिली कामं त्यानेच आणून दिली होती. तेव्हा त्याला माझं कौतुक होतं. पुढे मालक लोक त्याला सोडून थेट मला फोन करायला लागले, आणि टूलरूममध्ये कुणीतरी त्याला ‘मॅडमचे मिस्टर’ म्हणालं. तिथून हात सुरू झाला. आम्हाला मूल नाही, त्याचाही राग त्याने माझ्याच अंगावर काढला.

मी काही गरीब गाय नाही. मीही बोचकारलंय, एकदा त्याच्या मनगटाला दात रोवलेत. पण ताकदीपुढे तोंड किती चालणार. टॉवर फुटण्याआधी एकदा मी पंचवटीत बहिणीकडे निघून गेले होते आणि थोड्याच दिवसांत स्वतःच्या पायांनी परत आले होते. कुणी समजूत घातली म्हणून नाही. माझी सगळी कामं त्या टॉवरमध्ये होती, टॉवर पाथर्डी फाट्याच्या फ्लॅटमध्ये होता, आणि तो एका बाईला उचलून जिना उतरता येईल असा नव्हता. मशीन नाही म्हणून काम नाही, काम नाही म्हणून परत. फुटलेल्या बोर्डाकडे बघत मी ठरवलं की पुढचं मशीन माझ्या भाजीच्या पिशवीत मावलं पाहिजे.

मारून झालं की नवरा काही दिवस मऊ असे. त्या मऊपणात तो स्वतःच म्हणाला, “नवीन घे. चांगला घे. काम बुडायला नको.” मी मान हलवली. त्याने माझ्या गालाला लावायला बर्फही आणून दिला, आणि तो फडक्यात बांधताना त्याचे डोळे भरले होते. मला त्या डोळ्यांची किळस येत होती.

शालिमारजवळच्या गल्लीत एक कॉम्प्युटरचं दुकान आहे. मालक जुन्या नाशकातले, सगळे त्यांना चाचा म्हणतात. त्यांनी आधी माझ्या मागे कुणी पुरुष येतोय का ते पाहिलं आणि मग विचारलं, “मुलासाठी का ताई? गेमिंग?”

“माझ्यासाठी. साच्यांचं काम करते. आणि लहान हवंय, लहानात लहान.”

“मग निळ्यात दाखवू का लालमध्ये?”

प्रोसेसर बनवणाऱ्या दोन मोठ्या कंपन्या आणि त्यांचे ते दोन रंग. एकीचा बोर्ड घेतला की दुसरीचा प्रोसेसर त्यात बसत नाही, त्यामुळे हे आधी ठरवावं लागतं, बाकी सगळं त्याच्या मागून. या दोन रंगांवरून पोरं इंटरनेटवर एकमेकांच्या आया-बहिणी काढतात. चाचा निळ्याचे. म्हणाले, सगळे ड्रॉइंगवाले हेच नेतात, एकेक काम झटकन उरकतं. ते खरंच होतं, मला माहीत होतं. त्यांनी एका छोट्या कॅबिनेटमध्ये बसवलेलं निळं मशीन चालू करून दाखवलं. मी त्यावर एक जड फाइल उघडायला लावली. थोड्या वेळाने आतला फॅन फुसफुसायला लागला, शिट्टी होण्याआधी कुकर करतो तसा, आणि मग चढतच गेला.

नवरा रात्रपाळी करून आला की दिवसा झोपे, आणि मी त्याच खोलीत काम करी. टॉवरच्या फॅनने त्याची झोप मोडली की काय होई ते मी भोगलं होतं. लोक प्रोसेसर घेताना वेग बघतात. मी त्याची झोप बघत होते.

“हा आवाज नको चाचा.”

“मोठा कूलर लावू.”

“मोठा लहान कॅबिनेटमध्ये मावत नाही. आणि मावला तरी नको. पडल्यावर तो बोर्ड घेऊन उखडतो.”

“पडल्यावर?” चाचा हसले. “टेबलावरचं मशीन पडेल कशाला?”

“पाडलं तर.”

त्यांनी माझ्या मनगटाकडे पाहिलं. बोटांचे डाग होते, पिवळे पडत चाललेले. मी बाही खाली ओढली नाही. बघू दे, म्हटलं. त्यांनी निळं खोकं फळीवर परत ठेवलं आणि लालचं काढलं.

लालच्या नव्या पिढीत पिना प्रोसेसरच्या पोटावरून काढून बोर्डावर दिल्या आहेत. प्रोसेसर नुसता सपाट तुकडा, वरून पत्र्याची चौकट खटका दाबून त्याला आवळून धरते, त्यामुळे कूलर हिसकला तरी तो सोबत उखडत नाही. आवळण्याची सोय निळ्यातही होती. पण लालमध्ये मला हवा तसा कमी तापणारा प्रोसेसर होता, आणि त्याच्या पोटातलं ग्राफिक्स माझ्या कामाला पुरणारं होतं. म्हणजे वेगळं कार्ड नको, म्हणजे कॅबिनेट आणखी लहान, म्हणजे बसका कूलर, म्हणजे कमी आवाज. शिवाय त्याच बोर्डावर पुढे नवा प्रोसेसर बसण्याची शक्यता जास्त. निळ्यात दोन पिढ्या झाल्या की बोर्डच बदला. बिऱ्हाड मी एकदाच बदलणार होते.

बाहेरच्या ॲडॅप्टरवर चालणारं आणखी छोटं कॅबिनेट चाचांनी दाखवलं. मी नाही म्हटलं. पळणारा माणूस ॲडॅप्टर विसरतो. वीज आतूनच हवी, साधी वायर तर कुणाच्याही घरी मिळते. मग त्यांनी एक काचेचं दाखवलं, आत दिवे. काच नको. मग वर हँडल असलेलं एक. ते हातात घेतलं तेव्हा इतकं सोपं वाटलं की मला ते टेबलावर परत ठेववेना. पण त्या हँडलकडे बघून नवऱ्याने विचारलं असतं, हे कशाला, कुठे न्यायचंय. शेवटी जाड पत्र्याचं, वर जाळी असलेलं, चपातीच्या मोठ्या डब्याएवढं एक घेतलं. भाजीची पिशवी मी सोबत नेली होती. कॅबिनेट तिच्यात घालून बघितलं. चाचांनी पिशवीचं तोंड उघडं धरलं. निघताना म्हणाले, “बोर्डाच्या पिनांना हात लावू नका ताई. प्रोसेसर सरळ ठेवायचा, दाबायचा नाही. चौकट त्याचं काम करते.”

मशीन मी घरी स्वतः जोडलं, पलंगावर वर्तमानपत्र पसरून. जुन्या टॉवरमधली डिस्क तेवढी वाचली होती, तीही यात बसवली. सासूबाई समोर पाट टाकून बसल्या. त्या निफाडकडच्या. सासरे जाऊन बरीच वर्षं झाली, आणि सासऱ्यांचा हात कसा होता हे त्यांच्या डाव्या कोपराकडे पाहून कळतं. तो सरळ होत नाही. माझ्यावर हात उठायचा तेव्हा त्या देवासमोर जाऊन बसायच्या आणि मोठ्याने काहीतरी पुटपुटायच्या. त्या पुटपुटण्याचा मला नवऱ्याच्या हाताइतकाच राग होता. हिनेच पोसलाय हा, असं मी मनात म्हणायचे, आणि एकदा तोंडावरही म्हणाले होते.

खटका दाबला की चौकट करकरते. पहिल्यांदा जोडणाऱ्याला वाटतं, काहीतरी मोडलं. तो आवाज ऐकून सासूबाईंनी डोळे मिटले.

“मोडलं का गं?”

“नाही आई. असाच आवाज येतो.”

“लय बारकं हाय.” त्यांनी कॅबिनेटला बोट लावलं. “हे कुटंबी नेता येतं?”

माझा हात थांबला. त्यांच्या पोराच्या कानावर हे गेलं तर हेही मशीन गॅलरीतून खाली जाणार होतं, आणि या खेपेला मागोमाग मीही. मी स्क्रू आवळत म्हटलं, “येतं. पण न्यायचंय कुठे.”

“व्हय,” त्या म्हणाल्या आणि उठून गेल्या.

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा असते. नवऱ्याचं या दिवशी सगळं कडक. व्हर्नियर, मायक्रोमीटर ही मापाची हत्यारं, बारकी हातोडी, सगळं तेलाच्या फडक्याने पुसून तो पाटावर मांडतो. एरवीही त्याचा पाय चुकून हत्याराला लागला तर वाकून हात लावणार, तो हात कपाळाला नेणार. माझी विळी दरवर्षी सासूबाई पाटाच्या कोपऱ्यात ठेवत. टॉवर कधी मांडला नव्हता. ‘ते खेळणं’ पूजेत नको, असं त्याने सांगितलं होतं.

त्या वर्षी तो सोवळं नेसून बसला आणि सासूबाई माझं मशीन घेऊन आल्या. वायरी काढलेल्या. हे त्यांनी कधी शिकून घेतलं, मला ठाऊक नाही. व्हर्नियर आणि विळीच्या मधे त्यांनी ते ठेवलं.

“आई, हे काय?”

“तिचं हत्यार हाय. हत्याराला नाय म्हनू नये. लाव कुंकू.”

देवासमोर बसून आईशी वाद घालणं त्याला जमेना. त्याने मशीनवर हळद-कुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या, झेंडूचं फूल ठेवलं. कुंकू आणि थोडे तांदूळ जाळीतून आत गेले.

“आता उद्या सोनं लुटून येईस्तवर कुनी हात लावायचा नाय,” सासूबाई म्हणाल्या. “कुनीच.”

कारखान्यातली पूजा आटोपून दुपारी तो पेढे घेऊन घरी आला आणि तेवढ्यात माझा फोन वाजला. वर्कशॉपचे तेच मालक. मी उचललासुद्धा नाही. पण स्क्रीनवरचं नाव त्याने वाचलं. पेढ्यांचं खोकं आधी माझ्या तोंडावर आलं. मग त्याने केस धरून माझं डोकं देवघराच्या चौकटीवर हाणलं. ओठ फाटला. दुसऱ्यांदा हाणलं तेव्हा माझ्या हाताला ताम्हण लागलं आणि मी ते जोर लावून त्याच्या कानावर मारलं. पाणी, फुलं, पेढे सगळं घरभर झालं. “ये आता,” मी म्हटलं, “ये, बघते तुला.” इतक्या वर्षांत मी त्याला पहिल्यांदा अरे-तुरे केलं. मला त्या क्षणी तो मरायला हवा होता. हे मी आज शांतपणे लिहिते आहे आणि त्यातला एक शब्दही मागे घेत नाही.

कान धरून तो माझ्याकडे आला नाही. मला कुठे लागतं हे त्याला ठाऊक होतं. तो पाटाकडे वळला आणि त्याने मशीनवर लाथ उगारली.

मी किंचाळले असेन. पण लाथ बसली नाही. पाय उचलताना त्याचा अंगठा पाटावरच्या व्हर्नियरला लागला होता, आणि मशीनवर त्यानेच लावलेलं कुंकू समोर होतं. तो थांबला. पाय खाली घेतला. वाकला, व्हर्नियरला हात लावला, मग मशीनलाही लावला आणि तो हात कपाळाला नेला. बोटांना माझ्या ओठाचं रक्त होतं. ते त्याच्या कपाळाला लागलं.

बायकोला तुडवणारा माणूस स्टीलच्या पट्टीची माफी मागत होता. मला रडू आलं नाही, असा संताप आला की दात एकमेकांवर वाजायला लागले. एवढी वर्षं हा हात आवरता येत होता तर. त्याला रागात भान राहत नाही, असं सगळे म्हणायचे, मीही म्हणायचे. भान उत्तम होतं.

रक्ताचा हात पूजेला लागला म्हणून तो हात धुवायला मोरीत गेला. नळ सुटल्याचा आवाज आला. आणि सासूबाई, ज्या एवढा वेळ देवघराच्या भिंतीला टेकून पुटपुटत होत्या, त्या उठल्या, मोरीपर्यंत गेल्या आणि दाराला बाहेरून कडी घातली.

घाई त्यांनी अजिबात केली नाही. कोपरात सरळ न होणारा हात खाली घालून मशीन पाटावरून उचललं, कुणीच हात लावायचा नाही असं सकाळी स्वतः सांगितलेलं मशीन, आणि फुलासकट माझ्या भाजीच्या पिशवीत सोडलं. ते बरोबर मावलं.

“जा,” त्या म्हणाल्या.

आतून दारावर पहिला धक्का बसला.

“तुम्ही चला माझ्याबरोबर.”

“माजंच पोरगं हाय. मला काय करतंय.” त्यांनी पिशवीचे बंद माझ्या मुठीत कोंबले. “कडी दमाची नाय. नीघ.”

मी अनवाणी जिना उतरले. सगळे सीमोल्लंघन दसऱ्याला करतात, माझं एक दिवस आधीच झालं. रिक्षावाल्याने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि मीटरही न टाकता पंचवटीपर्यंत गाडी पिटाळली. पिशवी मी मांडीवर दोन्ही हातांनी धरून बसले होते.

दसऱ्याच्या सकाळी बहिणीच्या टीव्हीला जोडून मशीन चालू केलं. आता हेच काय ते माझं होतं. दिवा लागला. फॅन फिरला आणि जाळीतून कुंकवाचा बारीक धुरळा उडून बहिणीच्या पांढऱ्या टेबलक्लॉथवर बसला. आत टकटक आवाज येत होता. उघडून पाहिलं तर अक्षतांमधला तांदळाचा दाणा पात्याला लागत होता. तो काढला. मग मशीन असं गप्प चालायला लागलं की चालू आहे की नाही ते कळेना. सगळी ड्रॉइंग्ज जागच्या जागी होती. मी अर्धवट राहिलेला साचा उघडला आणि काम सुरू केलं. बहिणीचे यजमान, ओझरच्या कारखान्यात कामाला असतात, ते खाली गाडीला झेंडूचा हार घालत होते.

तेवढ्यात अनोळखी नंबरवरून फोन आला. सासूबाई. शेजारणीच्या मोबाईलवरून.

“चालू जालं का गं ते?”

“झालं आई. कालच्या कुंकवासकट झालं.”

“मंग बेस.”

एवढंच बोलल्या, पण मी फोन कानाला घट्ट दाबला. ‘मंग’मधला म त्यांना नीट जमला नव्हता. ओठ मिटत नसले की म असा निसटतो. मला ते लगेच कळलं, कारण काल दुपारपासून माझाही निसटत होता. आम्ही दोघी सुजलेल्या तोंडांनी एकमेकींशी बोलत होतो.

“आई, त्याने तुम्हाला मारलं?”

त्या म्हणाल्या, “तू तुजं काम कर.”

फोन बंद झाला. निळं की लाल, किती तापेल, किती वाजेल, किती मोठी पिशवी, सगळ्याचा मी विचार केला होता. ज्या बाईने ती पिशवी भरून माझ्या हातात दिली, तिला मी त्यात कुठेच धरलं नव्हतं. साचा स्क्रीनवर तसाच ठेवून मी उठले, बहिणीच्या चपला पायात सरकवल्या आणि खाली जाऊन तिच्या यजमानांना म्हटलं, “पूजा झाली असेल तर गाडी काढा. पाथर्डी फाट्याला जायचंय, आईंना आणायला.”